पत्त्यांवरचा पीएलसी प्रोग्रॅम टॅगांवर नेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरजवळच्या हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर इथल्या कारखान्यांतल्या मेंटेनन्सच्या मंडळींकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. बहुतेकांच्या पॅनेलमध्ये मशीन चालवणारा कंट्रोलर, म्हणजे पीएलसी, रॉकवेलचा एसएलसी ५०० नाहीतर सिमेन्सचा एस७-३०० असतो. क्वचित एखादा पीएलसी-५ अजून तग धरून असतो आणि लहान मशीनवर मित्सुबिशी किंवा डेल्टा. टॅगची नावं सॉफ्टवेअरमध्ये रोमन अक्षरांत टाइप होतात. इथे वाचायला सोपं जावं म्हणून ती देवनागरीत लिहिली आहेत.

लाइन वर्षानुवर्षं पत्त्यांवर बिनतक्रार चालते आहे. मग हा उपद्व्याप कशाला?

चालते आहे तोवर हात लावू नका, हे माझं प्रामाणिक मत. पण दोन गोष्टी कधीतरी गाठतातच. पहिली हार्डवेअरची. रॉकवेलने पीएलसी-५ २०१७ मध्ये बंद केला. सिमेन्सने एस७-३०० ला २०२३ पासून निरोप द्यायला सुरुवात केली. त्यानंतर कार्ड उडालं की जुन्या मालाच्या बाजारात शोधाशोध सुरू होते, आणि आणलेलं कार्ड चांगलं आहे की नाही ते लावल्यावरच कळतं.

दुसरी गोष्ट माणसांची. एन७:४३ या पत्त्यात काय आहे हे ज्याला तोंडपाठ असतं तो एक दिवस निवृत्त होतो. मग रात्रपाळीत लाइन थांबते, लॅपटॉप लागतो, आणि पडद्यावर ‘बी३:४/११’ नावाचा एक काँटॅक्ट उघडा दिसतो. तो कशाची वाट बघतोय हे सांगणारं कोणी नसतं. हार्डवेअर बदलायचंच आहे तर त्याच खर्चात हा दुसरा प्रश्नही सोडवून घ्यावा. नुसता नवा कंट्रोलर बसवून आत तेच आकडे ठेवणं म्हणजे अर्धा पैसा वाया.

पत्ता आणि टॅग यात नेमका फरक काय?

पत्ता मेमरीतली जागा सांगतो, टॅग त्या जागेत काय आहे ते सांगतो. एसएलसीमध्ये ‘आय:१/३’ म्हणजे पहिल्या स्लॉटमधल्या इनपुट कार्डाचा बिट ३. सिमेन्समध्ये ‘एमडब्ल्यू१०’ म्हणजे मेमरी बाइट १० आणि ११ मिळून झालेला वर्ड. टॅगमध्ये तुम्ही ‘सीडब्ल्यू_पंप१_रन_एफबी’ (पंप १ चालू असल्याचा फीडबॅक) असं नाव आणि त्याचा प्रकार ठरवता. मेमरीत तो कुठे ठेवायचा हे कंट्रोलर बघतो.

पत्ते आले ते त्या काळाच्या गरजेतून. १९६८ मध्ये जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला रिले पॅनेलला पर्याय हवा होता, त्यातून डिक मोर्ले आणि सहकाऱ्यांचा मोडिकॉन ०८४ आला. मेमरी महाग होती आणि वापरणारा माणूस रिले ओळखणारा इलेक्ट्रिशियन होता. त्याला टर्मिनल नंबरासारखा पत्ता सोयीचा वाटला, आणि तेव्हा तो सोयीचा होताही. १९९३ मध्ये आलेल्या आयईसी ६११३१-३ या मानकाने नाव, प्रकार आणि व्याप्ती असलेले व्हेरिएबल रीतसर मांडले. तरी पत्त्यांची सवय अजून गेलेली नाही.

जुन्या प्रोग्रॅममध्येही आम्ही सिंबॉल आणि कॉमेंट टाकलेत. ते टॅगच झाले ना?

नाही. हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. एसएलसी, पीएलसी-५ आणि एस७-३०० मध्ये सिंबॉल लॅपटॉपवरच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये असतात. कंट्रोलरला फक्त आकडे कळतात. ती फाइल हरवली, हार्डडिस्क गेली, मशीन लावून देणारा इंजिनिअर फोन उचलेनासा झाला, की कंट्रोलरमधून प्रोग्रॅम अपलोड होईल, पण नागडा. एकही नाव नाही, एकही कॉमेंट नाही.

रॉकवेलच्या लॉजिक्स कुटुंबातल्या कंट्रोलरमध्ये, म्हणजे कंट्रोललॉजिक्स आणि कॉम्पॅक्टलॉजिक्समध्ये, टॅगचं नाव कंट्रोलरमध्येच असतं. सिमेन्सच्या एस७-१५०० मध्येही सिंबॉल सीपीयूच्या लोड मेमरीत जातात. त्यामुळे फाइल हरवली तरी नावं शाबूत राहतात.

आत्ता काहीच करणार नसाल, तरी एवढं आजच करा: सिंबॉल असलेली फाइल कुठे आहे ते शोधा आणि तिच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवा.

प्रोग्रॅम आपोआप कन्व्हर्ट करणारं सॉफ्टवेअर आहे. मग माणसाचं काम काय उरतं?

जवळजवळ सगळंच. रॉकवेलचं मायग्रेशन टूल एसएलसीची फाइल घेतं आणि लॉजिक्सचा प्रोजेक्ट देतं. पण ‘एन७:१२’ चा ‘एन७[१२]’ होतो, म्हणजे एन७ नावाच्या अॅरेमधला १२ क्रमांकाचा घटक. कंसाचा आकार बदलला, अर्थ होता तिथेच राहिला. जिथे टूलला खात्री नसते तिथे ते ‘पीसीई’ (कन्व्हर्शनमध्ये चूक असू शकते) अशी खूण टाकून ठेवतं. मेसेज इन्स्ट्रक्शन, इनडायरेक्ट पत्ते, स्टेटस फाइलचे संदर्भ अशा ठिकाणी या खुणा हमखास सापडतात. त्या एकेक करून हातानेच सोडवायच्या असतात. काही मंडळी खूण पुसून मोकळी होतात. तसं करू नका.

सिमेन्सच्या टीआयए पोर्टल सॉफ्टवेअरमध्ये एस७-३०० चा प्रोजेक्ट मायग्रेट केला तरी एम बिट आणि डेटा ब्लॉकचे पत्ते तसेच पुढे येतात.

टूल वापरावं, कारण हजारो रंग (लॅडर प्रोग्रॅमच्या ओळी) हाताने टाइप करणं मूर्खपणा आहे. पण जे बाहेर पडेल ते कच्चा माल समजून पुढच्या कामाला लागावं.

सुरुवात कुठून करायची?

लॅपटॉपवरून नाही, पॅनेलवरून. आय/ओची, म्हणजे इनपुट-आउटपुटची, यादी काढा आणि प्रत्येक इनपुटची वायर फेरूल नंबर बघत फील्डपर्यंत जा. ड्रॉइंगवर विसंबू नका. मशीन बसवलं तेव्हाचं ड्रॉइंग आणि आजचं पॅनेल यांत किती मॉडिफिकेशनं झाली असतील याची कल्पना लॉफ्टमधल्या धूळ खाणाऱ्या फाइलला नसते. कुठे जंपर टाकलाय, कुठे जळालेलं आउटपुट सोडून शेजारच्या पॉइंटवर वायर नेलीय, ते सगळं टिपून ठेवा.

मग फोर्सची, म्हणजे सॉफ्टवेअरमधून जबरदस्तीने ० किंवा १ धरून ठेवलेल्या पॉइंटची, यादी बघा. एखादा इनपुट सहा वर्षांपूर्वी ‘तात्पुरता’ फोर्स केला आणि तसाच राहिला असेल, तर आज तो फोर्स तुमच्या लॉजिकचाच भाग आहे. नव्या कंट्रोलरमध्ये तो आपोआप येणार नाही आणि लाइन चालणार नाही. तोवर कारण कोणाला आठवणारही नाही.

त्यानंतर क्रॉस रेफरन्स (कोणता पत्ता कुठे वापरलाय त्याची यादी) काढून प्रत्येक पत्त्यापुढे तीन गोष्टी लिहा: कोण लिहितं, कोण वाचतं, आणि बाहेरचं कोणी बघतं का. बाहेरचं म्हणजे एचएमआय (ऑपरेटरचा पडदा), स्काडा (प्लांटवर देखरेख ठेवणारं सॉफ्टवेअर), दुसरा पीएलसी. एकाच पत्त्यावर दोन ठिकाणी लिहिलं जात असेल तर तिथे लाल खूण करा. असले पत्ते बहुधा घाईत केलेल्या दुरुस्तीचे अवशेष असतात.

आणि मग जुन्या वायरमनबरोबर बसा. चहा सांगा, घाई करू नका. ‘त्या बिटले हात नका लावू भाऊ, लाइन बसते’ असं कोणी म्हणालं, तर हसण्यावारी नेऊ नका. लाइन का बसते हे त्याला सांगता येणार नाही, पण बसते हे त्याने पाहिलेलं असतं. कारण शोधणं आपलं काम. एका ठिकाणी असा एक बिट निघाला. कोणत्याच रंगमध्ये त्याचा उपयोग दिसत नव्हता, पण शेजारच्या मशीनचा पीएलसी दर सेकंदाला तो मेसेजने वाचत होता आणि त्यावरून आपली लाइन चालू ठेवत होता.

क्रॉस रेफरन्समध्ये एखादा पत्ता कुठेच दिसत नसेल तर तो रिकामा समजायचा का?

अजिबात नाही. एन७:१०० पासून वीस वर्ड कॉपी करणारी एक ‘सीओपी’ इन्स्ट्रक्शन असेल तर क्रॉस रेफरन्स फक्त एन७:१०० दाखवतो. एन७:११२ रिकामा दिसतो, पण त्यात रेसिपीचा तेरावा आकडा बसलेला असतो. ‘एफएएल’, ‘एफएफएल’, सिक्वेन्सर या सगळ्यांची हीच गत. फाइलवर चालणाऱ्या सगळ्या इन्स्ट्रक्शन आधी वेगळ्या काढा, त्यांची लांबी बघा, आणि तेवढे पत्ते यादीत ‘व्यापलेले’ म्हणून लिहा.

याचाच जुळा भाऊ म्हणजे वर्ड म्हणून वापरलेले बिट. बी३:२ मधले सोळा बिट सोळा अलार्म आहेत, आणि रिसेट दाबलं की कोणीतरी बी३:२ मध्ये शून्य टाकतं. एका फटक्यात सोळाही अलार्म जातात. तुम्ही त्या बिटांचे सोळा स्वतंत्र टॅग केले की ते शून्य कोणालाच पुसत नाही. रिसेट दाबून अलार्म हटत नाही, आणि ऑपरेटर पहिल्याच दिवशी ‘नवा प्रोग्रॅम खराब आहे’ असं जाहीर करतो. असे गट स्ट्रक्चरमध्ये किंवा बिटांच्या अॅरेमध्येच ठेवावेत आणि पुसायचं लॉजिकही त्याच्याबरोबर लिहावं.

नावं कशी ठेवायची?

या प्रश्नावर दोन दिवस घालवा. वाया जाणार नाहीत. लॉजिक्समध्ये टॅगचं नाव ४० अक्षरांपर्यंत जातं. अक्षर, आकडा आणि अंडरस्कोर चालतात, सुरुवात आकड्याने करता येत नाही. लहान-मोठ्या लिपीचा फरक कंट्रोलर मानत नाही. म्हणजे जागा भरपूर आहे, तरी नाव पडद्यावर मावलं पाहिजे. शेवटची दहा अक्षरं दिसतच नसतील आणि फरक तिथेच असेल, तर काय उपयोग?

मी हा क्रम वापरतो: विभाग, मग उपकरण, मग सिग्नल. ‘सीडब्ल्यू_पंप१_ट्रिप’, ‘सीडब्ल्यू_पंप१_रन_एफबी’, ‘सीडब्ल्यू_पंप१_कमांड’. यादी अकारविल्हे लागली की एका पंपाचं सगळं एकत्र येतं. कारखान्यात पी अँड आयडी ड्रॉइंग (पाइप आणि उपकरणांचा आराखडा) असेल आणि त्यावर उपकरणांचे टॅग नंबर असतील, तर तेच वापरा. दोन नामावळ्या चालवू नका.

‘टेम्प१’ कधीच ठेवू नका. तापमान की तात्पुरता, हे सहा महिन्यांनी तुम्हालाही कळणार नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नावावरून १ चा अर्थ कळला पाहिजे. इमर्जन्सी स्टॉपची वायर नॉर्मली क्लोज्ड असते, म्हणजे सगळं ठीक असताना इनपुट १ असतो. त्या टॅगचं नाव ‘ई_स्टॉप’ ठेवलं की वाचणाऱ्याला वाटतं १ म्हणजे बटण दाबलेलं. ‘ई_स्टॉप_ओके’ ठेवा. तसंच ओव्हरलोड रिले, प्रेशर स्विच, दरवाजाचा इंटरलॉक. ‘व्हॉल्व्ह३’ ऐवजी ‘व्हॉल्व्ह३_उघडा_एलएस’ (एलएस म्हणजे लिमिट स्विच). पत्त्यांच्या जमान्यात ही माहिती फक्त ड्रॉइंगवर असायची. आता ती प्रत्येक रंगमध्ये डोळ्यांसमोर येते, आणि माझ्या मते टॅगांचा खरा फायदा इथेच आहे.

नावं मराठी शब्दांत ठेवली तर चालतील का?

चालतात. प्लांटमध्ये सगळे ‘भट्टी’ म्हणत असतील तर रोमन अक्षरांत ‘भट्टी२_तापमान’ लिहायला काय हरकत आहे? शब्द इंग्रजी की मराठी यापेक्षा तो तिथल्या माणसांच्या तोंडातला आहे की नाही हे जास्त महत्त्वाचं. स्पेलिंग मात्र एकदाच ठरवा. एकाच शब्दाची तीन रोमन रूपं झाली की शोध घेताना तिसरं रूप सापडत नाही. मशीन बाहेरच्या राज्यात जाणार असेल किंवा सर्व्हिस बाहेरून येणार असेल तर इंग्रजीच बरं.

प्रत्येक मोटारचे आठ-दहा टॅग होतात. हजारो टॅगांचा पसारा कसा आवरायचा?

स्ट्रक्चर करून. लॉजिक्समध्ये त्याला यूडीटी म्हणतात, सिमेन्समध्ये पीएलसी डेटा टाइप. ‘मोटार’ नावाचा प्रकार एकदा बनवा: कमांड, फीडबॅक, ट्रिप, ऑटो, तास. मग ‘सीडब्ल्यू_पंप१’ हा एकच टॅग आणि त्याच्या पोटात ‘सीडब्ल्यू_पंप१.ट्रिप’. त्यावर चालणारं लॉजिक अॅड-ऑन इन्स्ट्रक्शन किंवा फंक्शन ब्लॉकमध्ये एकदाच लिहायचं.

इथे उत्साहाला आवर घाला. रॉकवेलमध्ये यूडीटी किंवा अॅड-ऑन इन्स्ट्रक्शन बदलायची तर ती ऑनलाइन बदलत नाही. ऑफलाइन बदलून डाउनलोड करावं लागतं, म्हणजे लाइन थांबवावी लागते. म्हणून स्ट्रक्चरमध्ये पुढे लागतील असे दोन-चार मोकळे बिट आणि एक-दोन आकडे आधीच ठेवा. आणि जे उपकरण प्लांटमध्ये एकच आहे त्याच्यासाठी प्रकार बनवण्याच्या भानगडीत पडू नका.

टायमर आपोआप कन्व्हर्ट होतात का?

होतात, पण तपासल्याशिवाय सोडू नका. एसएलसीच्या टायमरला टाइम बेस असतो: ०.०१ सेकंद किंवा १ सेकंद. १ च्या बेसवर प्रीसेट ३० म्हणजे तीस सेकंद. लॉजिक्समध्ये बेस नसतो, सगळं मिलिसेकंदात. तोच प्रीसेट ३०,००० झाला पाहिजे. टूल प्रोग्रॅममधला आकडा बदलून देतं. अडचण येते ती एचएमआयवरून प्रीसेट लिहिला जात असेल तेव्हा. ऑपरेटर सवयीने ३० टाकतो, कंट्रोलर त्याला तीस मिलिसेकंद समजतो, आणि मिक्सर सुरू झाला न झाला तोच थांबतो. प्रोग्रॅमच्या आत टायमरची अॅक्युम्युलेटेड व्हॅल्यू कुठे तुलनेला घेतली असेल तर तिथेही हाच घोळ. प्रत्येक टायमरचा ‘पीआरई’ (प्रीसेट) आणि ‘एसीसी’ (अॅक्युम्युलेटेड) कुठे वापरलाय त्याची यादी वेगळी काढा.

सिमेन्समध्ये जुना एस५टाइम ९,९९० सेकंदांच्या पुढे जात नाही. त्यामुळे लांब वेळ मोजायला जुन्या लोकांनी दोन टायमर जोडलेले सापडतात. आयईसी टायमर चोवीस दिवसांहून जास्त मोजतो, तेव्हा ती जोडगोळी काढून एकच टायमर ठेवता येतो. पण आधी त्या जोडगोळीच्या मधल्या बिटावर आणखी काही लटकलेलं नाही ना, ते बघा.

गणित तेच, आकडे तेच, तरी उत्तर वेगळं का येतं?

दोन नेहमीची कारणं. एसएलसीचा ‘डीआयव्ही’ पूर्णांकात उत्तर देताना जवळच्या आकड्याकडे वळतो: ५ भागिले २ म्हणजे ३. लॉजिक्समध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागून पूर्णांकात ठेवलं की अपूर्णांक कापला जातो, उत्तर २. एका डोसिंगमध्ये एकाचा फरक कोणाला दिसत नाही, पण शिफ्टचा हिशेब लागेनासा होतो.

दुसरं म्हणजे १६ बिट आणि ३२ बिट. एन७ मधला आकडा ३२,७६७ च्या पुढे जात नाही. म्हणून जुन्या प्रोग्रॅमरांनी ‘३२,००० झाले की शून्य कर आणि दुसऱ्या वर्डमध्ये एक मिळव’ अशा युक्त्या केल्या. ३२ बिटांच्या डीइंट प्रकारात त्यांची गरज नाही. काढायच्या असतील तर पूर्ण काढा. अर्धी युक्ती ठेवून प्रकार बदलला की हिशेब कायमचा बिघडतो.

लॉजिक अगदी तेच ठेवलं, तरी मशीन कधीकधी उगाच दचकतं. का?

आय/ओ अपडेटमुळे. एसएलसी आधी सगळे इनपुट वाचतो, मग प्रोग्रॅम चालवतो, शेवटी आउटपुट लिहितो. एका स्कॅनमध्ये इनपुट बदलत नाही, आणि जुनं लॉजिक याच भरवशावर लिहिलेलं असतं. लॉजिक्समध्ये इनपुट आपल्या वेळेने, स्कॅनची पर्वा न करता येतात. पाचव्या रंगला शून्य असलेला प्रॉक्स (प्रॉक्सिमिटी सेन्सर) चाळिसाव्या रंगला १ होऊ शकतो. एकच सिग्नल दहा ठिकाणी वापरणाऱ्या सिक्वेन्समध्ये मग एखादी पायरी सुटते, तीही रोज नाही, कधीतरी. असला दोष शोधताना माणूस सेन्सर बदलून बदलून दमतो.

उपाय सोपा आहे. स्कॅनच्या सुरुवातीला सगळे इनपुट आतल्या टॅगमध्ये कॉपी करा, प्रोग्रॅमभर तेच वापरा, शेवटी आउटपुट एकत्र कॉपी करा. याचा जोडफायदा म्हणजे कार्डाचा पॉइंट जळून वायर हलवावी लागली तर बदल एकाच ओळीत होतो. पहिल्या स्कॅनचा बिटही बघा: एसएलसीमध्ये तो एस:१/१५, लॉजिक्समध्ये ‘एस:एफएस’.

इनडायरेक्ट पत्ते, म्हणजे ‘एन७:[एन७:५०]’ असले प्रकार. यांचं काय?

रेसिपी आणि बॅच ट्रॅकिंगमध्ये हे हमखास असतं. लॉजिक्समध्ये ‘रेसिपी[चालू_नंबर]’ असं लिहिता येतं आणि वाचायलाही छान दिसतं. पण इंडेक्स अॅरेच्या बाहेर गेला की मेजर फॉल्ट येतो, टाइप ४ कोड २०, आणि कंट्रोलर थांबतो. म्हणून इंडेक्स वापरण्याआधी ‘एलआयएम’ या मर्यादा बघणाऱ्या इन्स्ट्रक्शनने तपासा, तोही त्याच रंगमध्ये.

आमच्याकडे सिमेन्स आहे. तिथे वेगळं काय?

एम मेमरीची सरमिसळ. एमडब्ल्यू१० मध्ये एमबी१० आणि एमबी११ आहेत. कोणी एमडब्ल्यू११ वापरला तर एमबी११ दोघांत वाटला गेला. जुन्या प्रोग्रॅममध्ये असे ओव्हरलॅप सापडतात. काही चुकून झालेले असतात, काही मुद्दाम केलेले. मुद्दाम केलेल्यांत बहुधा बाइट वेगळे करून परत जोडायचा उद्देश असतो. दोघांना वेगळे टॅग दिले की ही जोडणी तुटते, म्हणून आधी कोणता कुठला ते ठरवा.

एस७-१५०० मध्ये डेटा ब्लॉक ऑप्टिमाइज्ड ठेवला की त्यातल्या टॅगला ऑफसेटच राहत नाही. हे चांगलं आहे. पण जुना स्काडा ‘डीबी१०.डीबीडब्ल्यू४’ असं थेट वाचत असेल, तर तो आंधळा होतो. अशा वेळी बाहेरच्यांसाठी एक वेगळा, ऑप्टिमाइज्ड नसलेला डेटा ब्लॉक ठेवा, सीपीयूमध्ये पुट-गेटची (बाहेरून थेट वाचण्या-लिहिण्याची) परवानगी द्या, आणि आतलं सगळं काम ऑप्टिमाइज्ड ब्लॉकमध्ये करा. एका जुन्या स्काडासाठी अख्खा प्रोग्रॅम जुन्या पद्धतीने ठेवणं योग्य नाही.

मित्सुबिशी आणि डेल्टा?

इथे शब्द ‘लेबल’ किंवा ‘सिंबॉल’. मित्सुबिशीच्या जीएक्स वर्क्स२ सॉफ्टवेअरमध्ये लेबलला मागून डी किंवा एम पत्ता सॉफ्टवेअरच देतं. त्याला दिलेली रेंज आणि तुम्ही हाताने वापरलेले पत्ते वेगळे ठेवा. पूर्ण रिबिल्ड केलं की हे वाटप बदलू शकतं. त्यामुळे एचएमआयला हव्या त्या गोष्टींचे पत्ते स्वतः नेमून द्या. एफएक्स आणि डेल्टा डीव्हीपीमध्ये एक्स आणि वाय ऑक्टल आहेत: एक्स७ नंतर एक्स१०. एक्सेलमध्ये ओढून यादी भरली की एक्स८, एक्स९ तयार होतात आणि पुढचे सगळे पॉइंट दोनाने सरकतात. पीएलसी-५ च्या आय/ओलाही हेच लागू.

एचएमआय आणि स्काडाचे शेकडो टॅग जुन्या पत्त्यांवर आहेत. सगळे एकाच दिवशी बदलायचे?

नको. लॉजिक्समध्ये पीएलसी-एसएलसी मेसेज मॅपिंगची सोय आहे. फाइल नंबर ७ ला एक अॅरे नेमून दिला की जुना एचएमआय ‘एन७:१२’ मागत राहतो आणि त्याला उत्तर मिळत राहतं. आधी कंट्रोलर बदला, लाइन स्थिर होऊ द्या, मग एचएमआयचे स्क्रीन एकेक करून नव्या टॅगांवर न्या. शेवटी मॅपिंग काढून टाका. हा शेवटचा टप्पा लोक विसरतात आणि मग एकाच प्लांटमध्ये दोन भाषा कायमच्या नांदतात.

मॉडबसवर (उपकरणांनी आपसात बोलायच्या एका प्रोटोकॉलवर) मात्र पत्तेच राहणार. तिथे ४०००१ सारख्या रजिस्टरांची यादी एका ब्लॉकमध्ये ठेवा आणि टॅगवरून तिथे कॉपी करा. काही उपकरणं ४०००१ ला शून्य म्हणतात, काही एक. जोडताना एक ओळखीचा आकडा पाठवून पाहा.

टॅगांमुळे स्कॅन टाइम वाढतो का?

लांब नावामुळे नाही. स्वतंत्र बूल टॅग लॉजिक्समध्ये चार बाइट घेतो, पण आजच्या कंट्रोलरला त्याचं ओझं नाही. एचएमआयच्या संवादाला मात्र विखुरलेल्या टॅगांपेक्षा एकत्र बांधलेला गट वाचणं जलद पडतं.

शटडाऊन कधी घ्यायचं?

जिनिंगवाल्यांचा हंगाम कापसाबरोबर असतो, त्यांच्यासाठी पावसाळा सोन्याचा. बारमाही प्लांटसाठी दिवाळी: कामगार गावी गेलेले, प्रॉडक्शनचा तगादा नाही. पोळा आणि मारबतीच्या सुटीत एचएमआयचे स्क्रीन बदला, कंट्रोलर नको. मे महिन्यात तर नकोच. बाहेर ४५ अंश, पॅनेलरूमचा एसी बंद, आणि त्यात माणूस इंटरलॉक तपासणार! चुका करायला याहून चांगली व्यवस्था नाही.

आधी टेबलावर नवा कंट्रोलर, एचएमआय आणि सिम्युलेट केलेले इनपुट घेऊन प्रत्येक सिक्वेन्स चालवा. साइटवर आय/ओ पॉइंट-पॉइंट तपासा: एक माणूस फील्डमध्ये, एक लॅपटॉपवर, यादीवर सही. रॉकवेलच्या जुन्या १७७१ रॅकसाठी वायरिंगचे स्विंग आर्म तसेच ठेवून नव्या मॉड्यूलला जोडणारी रूपांतर किट मिळतात. त्याने फील्डच्या वायरी सोडाव्या लागत नाहीत. आणि परतीचा रस्ता उघडा ठेवा. अमुक वाजेपर्यंत लाइन उभी राहिली नाही तर जुना रॅक परत लावायचा, ही वेळ आधी ठरवून प्रॉडक्शनच्या साहेबांना सांगून ठेवा. रात्री अडीचला ही चर्चा करता येत नाही.

सेफ्टी सर्किट या कामात ओढू नका. इमर्जन्सी स्टॉप आणि गार्ड हार्डवायर्ड असतील तर तसेच राहू द्या.

आमच्या वायरमनांना नवा प्रोग्रॅम वाचता येईल का?

लॅडर तोच राहतो. उलट ‘बी३:४/११’ पेक्षा ‘सीडब्ल्यू_पंप१_ट्रिप’ लवकर समजतं. सुरुवातीचे काही महिने जुना पत्ता टॅगच्या डिस्क्रिप्शनमध्ये लिहून ठेवा, म्हणजे ज्यांच्या डोक्यात आकडे आहेत त्यांना शोधता येईल. लॅडर सोडून सगळं स्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये लिहिण्याचा मोह होतो. रात्रपाळीत ते कोण वाचणार, हे आधी विचारा.

कधी करू नये?

दोन-तीन वर्षांत मशीनच भंगारात जाणार असेल तर नको. पन्नास रंगांचं छोटं मशीन असेल तर कॉमेंट नीट भरा आणि सोडून द्या. मशीन वॉरंटीत असेल तर बनवणाऱ्याला विचारल्याशिवाय नको. आणि ज्याला मशीन कळतं असा एकही माणूस हाताशी नसेल, तर आधी तो माणूस शोधा.

काम बाहेर दिलं तर काय काय मागून घ्यायचं?

सोर्स फाइल, कॉमेंटसकट. पासवर्ड, लेखी. शेवटच्या कमिशनिंगनंतरचा बॅकअप, आधीचा नव्हे. जुना पत्ता ते नवा टॅग अशी पूर्ण यादी. सही केलेली आय/ओ तपासणी. सोडवलेल्या प्रत्येक ‘पीसीई’ची नोंद. हे सगळं पर्चेस ऑर्डरमध्ये लिहा आणि शेवटचा हप्ता त्यावर अडकवा. एका कंत्राटदाराने ब्लॉक लॉक करून ठेवले आणि पुढे प्रत्येक छोट्या बदलासाठी त्यालाच बोलवावं लागलं, अशी तक्रार या भागात नवी नाही.

जुना पीएलसी लगेच भंगारात द्यायचा का?

एक पूर्ण हंगाम जाऊ द्या. एसएलसीचा प्रोग्रॅम रॅममध्ये असेल तर तो बॅटरीवर जगतो. कपाटात ठेवताना बॅटरी काढू नका, तारीख लिहून चिकटवा. हंगाम सरला की कार्डं काढून, अँटिस्टॅटिक पिशवीत घालून, दुसऱ्या लाइनवर तोच पीएलसी असेल तर तिचे स्पेअर म्हणून स्टोअरमध्ये जमा करा.